झडपेला मामा बनवू नका

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसानं दोन गोष्टी कधीही करू नयेत. एक, लग्नाच्या पंगतीत आपण बँकेत आहोत हे सांगू नये. आणि दोन, कुणालाही जामीन राहू नये. पहिली चूक केली तर शेजारच्या पाहुण्याला ठेवींचे व्याजदर सांगता सांगता जिलबीचं ताट पुढे निघून जातं. दुसरी केली तर काय होतं, ते सांगण्यासाठीच हा प्रपंच.

ही दुसरी चूक मी पूर्ण शुद्धीवर असताना आणि निळ्या शाईनं केली. आमच्या ताईचा मुलगा नोकरीला लागला. वर्ष व्हायच्या आत त्याला एक जुनी, लीटरभर इंजिनाची, टर्बो-पेट्रोल गाडी घ्यायची होती. कर्ज हवं होतं आणि कर्जाला जामीन हवा होता. “मामा, फक्त एक सही!” असं म्हणत भाचेबुवा कागद घेऊन आले. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी एक पाहिलंय. माणसाला रस्त्यावर आणणारी सही नेहमी ‘फक्त एक’च असते. पण ताई समोर बसली होती. तिनं नुसतं “बघ बाबा, तुला जमत असेल तर...” एवढंच म्हटलं. थोरल्या बहिणीच्या या वाक्यापुढे प्रत्यक्ष रिझर्व्ह बँकही सही करील.

मोटारीतलं मला काही कळत नाही, असं आमच्या घरात एकमुखानं ठरलेलं आहे. ते खोटं नाही. मी बी. कॉम. माणूस. जमा आणि नावे या दोन बाजूंपलीकडचं जग मला परकं. पण हप्ता बुडाला तर ज्याच्या पगारातून कापला जाणार, त्याला इंजिन समजून घेण्याचा हक्क आहे, असं माझं मत झालं आणि मी भाच्याची शिकवणी लावली.

टर्बो म्हणजे फुंकणी. आजीची चूल आठवा. ओलसर लाकडं धुमसत असली की आजी फुंकणीनं जोरात हवा मारायची आणि जाळ भडकायचा. गाडीत ही फुंकणी आजीऐवजी धूर मारतो. इंजिनातून बाहेर पडणारा, एरवी फुकट जाणारा धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. लहान गाड्यांतली ही चक्रं मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातात. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. वाया जाणारी वस्तू वापरून उत्पन्न वाढवायचं ही कल्पना मला एकदम पसंत पडली. आमची सौ. उरलेल्या भाताचे सांडगे घालते, तिचीही तत्त्वं हीच.

या फुंकणीला एक राखणदार असतो. वेस्टगेट नावाची झडप. दाब ठरल्यापेक्षा वाढायला लागला की ही झडप उघडते, थोडा धूर चक्राला वळसा घालून बाहेर जातो आणि फुंकणी आवरती होते. एवढंच तिचं काम. आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते, त्यांचंही एवढंच काम होतं. कुठलंही व्हाउचर आलं की ते चष्म्यावरून बघत आणि “नाही” म्हणत. सगळी शाखा त्यांच्या नावानं बोटं मोडायची. ते निवृत्त झाले त्या वर्षी ऑडिटमध्ये जे काही निघालं, त्यानंतर आम्ही सगळे मिळून त्यांच्या घरी पेढे घेऊन गेलो होतो.

तर गाडी आली. चार महिने बरी चालली. मग एका रविवारी भाचेबुवा आले ते काडेपेटीएवढी एक डबी घेऊन. “मामा, ही लावली की बूस्ट चार पौंडांनी वाढतो. पंधराचे एकोणीस. म्हणजे पंचवीस टक्के ताकद जास्त! आणि एकदम सेफ.”

“सेफ कशावरून?”

“गॅरेजवाला म्हणाला.”

“आणि त्याला कोण म्हणालं?”

“मामा, तुला काही कळत नाही.”

कळत नव्हतं हे खरं. म्हणून मी गप्प बसलो. आणि आता सगळंच सांगायला बसलोय तर हेही सांगून टाकतो. डबी लावल्यावर भाच्यानं मला एक चक्कर मारून आणली. सिग्नल सुटला आणि माझी पाठ मागच्या गादीला अशी चिकटली, की सत्तेचाळीस वर्षांत एवढ्या आग्रहानं मला कुणी बसवलं नव्हतं. बँकेत बढती नाही, सोसायटीत पद नाही. पण त्या रस्त्यावर एक ट्रक, दोन रिक्षा आणि आमच्या शाखाधिकाऱ्यांची गाडी मागे पडली. भाच्यानं विचारलं, “कसं वाटलं?” तेव्हा जामीनदारानं जे बोलायला हवं ते मी बोललो नाही. मी म्हणालो, “अजून एकदा घे की!”

पुढे तीनच आठवड्यांनी आम्ही साताऱ्याला निघालो. मे महिना, दुपारची वेळ, गाडीत ताई, मी, सौ., आंब्याची पेटी आणि एसी चालू. खंबाटकीच्या चढावर पुढे एक कंटेनर होता. गिअर खाली न टाकता भाच्यानं नुसता पाय दाबला. बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात हरभरे घालून हलवल्यासारखा आवाज आला. मग धप्प झालं आणि मागे निळा धूर. गाडीचा जीवच गेला. मागून येणाऱ्या ट्रकनं हॉर्न वाजवत, टायर घासत आमच्यापासून दोन हातांवर ब्रेक मारला. ताईनं डोळे मिटून माझा हात धरला होता. तो तिनं कधी सोडला ते मला आठवत नाही, पण वळ दोन दिवस होते.

इंजिन उघडलं तेव्हा तीनपैकी एका पिस्टनच्या कडेचा, रिंगा बसतात तिथला, तुकडा उडालेला निघाला. डबीवाल्या गॅरेजचं म्हणणं असं, की डबी सेफच होती, पेट्रोलच खराब होतं. पेट्रोल पंपावर विचारण्यात अर्थ नव्हता. दुरुस्तीचं बिल आलं आणि त्याच आठवड्यात हप्त्याची तारीख आली. पिस्टन फुटला म्हणून हप्ता थांबत नाही. भाच्याची शिल्लक बिलात गेली. दोन हप्ते माझ्या खात्यातून गेले. सौ. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

माझं भांडण इथून सुरू होतं. ते टर्बोशी नाही, वेगाशी नाही, तरुण पोरांच्या हौसेशीही नाही. ज्यानं ‘अजून एकदा’ म्हटलं त्यानं हौसेवर प्रवचन देऊ नये. माझं भांडण ‘सेफ’ या शब्दाशी आहे. कारण त्या काडेपेटीएवढ्या डबीत काय आहे हे मला नंतर समजलं, आणि समजल्यावर मी एक व्यावसायिक माणूस म्हणून संतापलो. त्या डबीत काहीही नाही. आहे ती एक थाप!

गाडीत दाब मोजणारा एक सेन्सर असतो. तो कॉम्प्युटरला प्रामाणिकपणे सांगतो, “साहेब, पंधरा झाले.” कॉम्प्युटर झडपेला सांगतो, “उघड.” ही डबी या दोघांच्या मध्ये बसते. सेन्सर म्हणतो एकोणीस. डबी साहेबाला सांगते पंधरा. साहेब निर्धास्त. म्हणजे दाब वाढवला नाही, वाढलेला दाब लपवला. आमच्याकडे याला ताळेबंदाची रंगसफेदी म्हणतात. जुन्या गाड्यांत हेच काम पितळेच्या एका छोट्या नळानं करत. झडपेकडे दाब नेणाऱ्या नळीतूनच थोडी हवा गळू द्यायची, म्हणजे तिला वाटतं अजून वेळ आहे. पद्धत नवी असो की जुनी, मराठीत याला एकच शब्द आहे. मामा बनवणे. त्या गाडीत दोन मामा होते. एक बॉनेटखाली झडप होऊन बसला होता आणि दुसरा मागच्या सीटवर आंब्याची पेटी मांडीवर घेऊन.

बरं, मामा बनवून हाती काय लागतं? पंचवीस टक्के? मी शाळेत गणितात साठाच्या वर कधी गेलो नाही, पण टक्केवारी कशावर काढायची हे मला कळतं. गाडीच्या मीटरवरचा पंधरा पौंड हा आकडा बाहेरच्या हवेच्या वरचा असतो. बाहेरची हवा स्वतःच दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड दाबत असते. हा आपला बिनपगारी भागीदार, त्याला हिशोबात धरायला नको? म्हणजे मूळ भांडवल जवळजवळ तीस पौंड. त्यावर चार म्हणजे साडेतेरा टक्के. विकणाऱ्यानं भागीदाराला वगळून नफा दुप्पट दाखवला!

त्यातूनही वजावट आहे. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं बूड हाताला चटका देतं, तोच प्रकार. सत्तावीस अंशांची हवा दुप्पट दाबली, तर चांगल्या टर्बोतूनही ती १२० अंशांच्या आसपास बाहेर पडते. आणखी चार पौंड दाबा, १४० च्या घरात जाते. तिला थंड करायला इंटरकूलर नावाची जाळी असते. पण जाळी जुनीच, उन्हाळा मे महिन्याचा आणि पुढे कंटेनर असेल तर ती तरी काय करणार? तापलेली हवा पसरते, म्हणजे वाढवलेल्या दाबातली थोडी कमाई तिथेच जाते. आणि उरलेल्या गरम हवेत पेट्रोल ठरल्यापेक्षा आधी, स्वतःच्या मर्जीनं पेट घेतं. तेच ते हरभरे. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टन वर येत असतो आणि वरून घणाचा घाव पडतो. शिवाय कॉम्प्युटरच्या खतावणीत हवा पंधराचीच लिहिलेली, म्हणून पेट्रोलही पंधराच्या हिशोबानं. पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला हवा १४.७ भाग लागते. पण जोरात फुंकताना इंजिन थंड राहावं म्हणून मुद्दाम पेट्रोल जास्त, बाराच्या आसपास हवा, असं प्रमाण ठेवतात. डबीच्या राज्यात नेमकं जिथं पेट्रोल जास्त हवं तिथंच ते कमी पडायला लागतं. जमा खरी, नावे खोटी. अशी तेरीज कधी जुळली आहे?

“पण मामा, नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो ना?” असतो. स्वीडनच्या साब कंपनीनं १९८० च्या दशकाच्या आरंभीच इंजिनाला असा कान बसवला होता. ठोका ऐकला की तो आपणहून दाब कमी करायचा. फार सज्जन कल्पना. आजच्या गाड्यांतला कानही ठोका ऐकून ठिणगी थोडी उशिरा टाकतो. पण एका मर्यादेपर्यंतच. चोर येणार हे गृहीत धरून वॉचमन ठेवतात, चोराला किल्ली देऊन “वॉचमन आहे ना!” म्हणत नाहीत.

दुसरा युक्तिवाद यापेक्षा हुशारीचा आहे. “कंपनीनं भरपूर मार्जिन ठेवलेलं असतं, ते नुसतं पडून असतं.” पहिला भाग खरा आहे. पण ते पडून नसतं. ते चंद्रपूरच्या मे महिन्यासाठी असतं, आडगावच्या पंपावरच्या शंकास्पद पेट्रोलसाठी असतं, धुळीनं बुजलेल्या फिल्टरसाठी असतं, आणि गिअर खाली न टाकता पाय दाबणाऱ्या भाच्यासाठी असतं. प्रत्येक बँकेला ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो. तोही ‘पडूनच’ असतो. तो काढून वाटून टाका, असं सुचवणाऱ्या माणसाकडे मी स्वतःची ठेव ठेवणार नाही.

माणसाला ‘नाही’ म्हणणारी वस्तू सहन होत नाही, हे काही आजचं नाही. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबाइल जेटफायर नावाची गाडी निघाली. विक्रीसाठी बनवलेल्या पहिल्या टर्बो मोटारींपैकी ती एक. ठोका बसू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारायची सोय होती, त्याची वेगळी टाकी होती. टाकी रिकामी झाली की दिवा लागायचा आणि एक झडप दाब आपोआप खाली ठेवायची. काय सचोटीची व्यवस्था! पण मालकांना टाकी भरायचा कंटाळा. भरली नाही, मग गाडी पळत नाही अशी तक्रार. गाडी १९६३ नंतर बंदच झाली आणि पुढे कित्येक मालकांनी टर्बोच काढून साधा कार्बुरेटर बसवून घेतला. याउलट शर्यतीवाले बघा. १९८६ साली फॉर्म्युला वनमध्ये दीड लीटरच्या इंजिनातून हजार अश्वशक्तीच्याही वर ताकद काढत; पण ती इंजिनं पात्रता फेरीच्या मोजक्या चकरांपुरती असत, आणि हे सगळ्यांना ठाऊक असे. तिथंही शेवटी नियम आलेच. १९८७ ला दाबावर चार बारची मर्यादा, १९८८ ला अडीच, आणि १९८९ पासून टर्बोच बंद. मुद्दा असा, की त्यांनी इंजिन फुटेल हे धरून हिशोब मांडला होता. त्यांच्या गाडीत आंब्याची पेटी आणि ताई नव्हती.

मग दाब वाढवायचाच नाही का? हा प्रश्न मी भोसरीतल्या एका वयस्कर मिस्त्रींना विचारला. गाडी शेवटी त्यांच्याचकडे नेली होती. ते म्हणाले, “वाढवता येतो की. पण चोरून नाही.” आणि बोटं मोजत त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मला वाटलं हा माणूस आमच्या कर्ज विभागात हवा होता. आधी ऋणकोची पत तपासायची. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे का, प्लग काय सांगतात, नळ्या कुठे गळतात का. नळी गळत असेल तर तोच दाब गाठायला टर्बो जास्त पळतो आणि आपण खूश. मग पंप आणि इंजेक्टर वाढीव पेट्रोल पुरवतील का ते बघायचं. इंटरकूलर मोठा घ्यायचा. चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल नेहमी मिळणार असेल तरच पुढे जायचं. डबी फेकून द्यायची आणि बदल खुद्द कॉम्प्युटरच्या वहीत करायचा, म्हणजे हवा, पेट्रोल आणि ठिणगी तिघांनाही एकच खरा आकडा कळतो. एका वेळी एक पौंड. दर पौंडाला गाडी रोलरवर चढवून मिश्रण, हवेचं तापमान आणि ठोके यांची नोंद. पहिली कुरकुर दिसली की मागे यायचं आणि तिथंच थांबायचं. दाब हाताबाहेर गेला तर पेट्रोल तोडणारी जी शेवटची व्यवस्था असते, तिला हात लावायचा नाही. आणि पळायची ताकद वाढवण्याआधी थांबायची वाढवायची. ब्रेक आणि टायर.

“एवढं सगळं कोण करतं?” मी विचारलं.

“दहात एक,” मिस्त्री म्हणाले. “बाकीचे नऊ मग माझ्याकडे येतात.”

माझ्या चष्म्यातून यात दोन कलमं आणखी घालतो. विमा कंपनीला सांगायचं. न सांगता केलेला फेरफार दाव्याच्या वेळी बरोबर वर येतो. आणि कायदा वाचायचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. म्हणजे इथंही तेच. सांगून करा, नाहीतर करू नका.

दाब सुरक्षित कधी असतो? बाराला, पंधराला की एकोणीसला, असा आकडा विचारणारा माणूस डबीच्याच रांगेत उभा आहे. ज्याचं काम ‘नाही’ म्हणायचं आहे, त्याच्यापर्यंत खरा आकडा पोचत असेल तर दाब सुरक्षित. मग ती झडप असो, कॉम्प्युटर असो, विमा कंपनी असो किंवा मागच्या सीटवरचा जामीनदार. त्याला थाप मारून मिळवलेला प्रत्येक पौंड ही उचल आहे, आणि तिचा हप्ता खंबाटकीच्या चढावर, मागे ट्रक असताना वसूल होतो.

भाच्यानं माझे दोन्ही हप्ते फेडले. व्याज मी घेतलं नाही, पण किती झालं ते सांगितलं. गाडी आता कंपनीच्या दाबावर चालते. परवा रविवारी तो पुन्हा आला. हातात फाइल. तिन्ही सिलिंडरचे आकडे, इंटरकूलरचा खर्च, मिस्त्रींचं अंदाजपत्रक, सगळं टाचणी लावून. मला गहिवरून आलं. मी म्हटलं, “सगळं ठीक. पण कलम ५२?”

“रस्त्यावर चालवणारच नाही, मामा. कोइमतूरला ट्रॅक आहे. फक्त तिथंच.”

“तिथपर्यंत नेणार कशी?”

“ट्रकवर टाकून.”

“आणि ट्रकचं भाडं?”

भाच्यानं फाइलच्या तळातून एक कागद हळूच वर सरकवला. “त्यासाठीच आलोय. मामा, फक्त एक...”

कागद मी ठेवून घेतला आहे. वाचतो आहे. घाई करू नये.